तिसावा पाहुणा

कटेंडेचं जमलं. नामुलीच्या घरच्यांनी मुलगी दिली. भर मांडवात आत्याने हार घातला, बायकांनी आनंदाच्या आरोळ्या ठोकल्या, बकरा शिजला.

आता हे विसरून जा.

असं काही झालंच नाही.

जे झालं ते सांगतो, आणि ते खरं आहे. खोटं असतं तर मी याहून बरं रचलं असतं. निदान एखादी पडकी विहीर घातली असती. इथे तसलं काही नाही. रात्र नाही, अमावस्या नाही. मागच्या वर्षीचा ऑगस्ट, दुसरा शनिवार, सकाळचे साडेअकरा, मित्याना गावाबाहेर नामुलीच्या वडिलांचं घर. ऊन असं, की सावलीनेही सावली शोधावी.

मी कटेंडेचा मावसभाऊ. मी तिथे नव्हतो.

मी नव्हतो म्हणूनच हे झालं.

कटेंडे कंपालात दातांच्या कवळ्या बनवतो. आठवडाभर लोकांचे दात, आणि शनिवारी बाँड. जपानहून आलेल्या जुन्या गाड्या आमच्याकडे ज्या आवारांत विकायला ठेवतात, ती ही बाँडं. बाकीचे तिथे गाडी घ्यायला जातात. कटेंडे नमुने बघायला जायचा. जिची मागची काच आतल्या बाजूला झुकलीय अशी गाडी. जिचं दार फ्रीजसारखं समोरून उघडतं अशी गाडी. तो फोटो काढायचा, बॉनेटवर थोपटायचा आणि काहीही न घेता घरी यायचा. विक्रेते त्याला लांबूनच ओळखायचे.

"आला बघ फुकट्या. दारं लावून घ्या, नाहीतर बसून बघेल."

त्याच्या विनोदांवर जगात एकच माणूस हसायचं. नामुली. मी मावसभाऊ असून मला कधी जमलं नाही. ती मात्र पोट धरून हसायची, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर. कटेंडे म्हणायचा, "ही गेली तर मी कोणासाठी बोलू?"

नामुलीचे वडील निवृत्त हेडमास्तर. त्यांना दोन गोष्टींचा तिटकारा होता. बोलणाऱ्या माणसांचा आणि कटेंडेचा. मुलगी मागायला यायचं त्यांचं पत्र आलं, त्यात आमंत्रण कमी आणि दम जास्त.

पाहुणे तीस. एकोणतीस आलात तर आम्हाला हलकं लेखलंत. एकतीस आलात तर हावरे आहात. दोन्ही वेळा फाटक बंद राहील. आणि जावई स्वतःच्या गाडीने आला पाहिजे.

सगळे अशा वेळी मोठी पांढरी जीप भाड्याने आणतात. कटेंडे म्हणाला, "जीप तर पाद्रीपण आणतो. मी अशी गाडी आणीन, की म्हातारा आयुष्यभर विसरणार नाही."

तेवढं मात्र खरं झालं.

कंपालातल्या नकावा भागात एका बाँडात, अगदी मागच्या रांगेत, ती उभी होती. बसकी, गोल डोळ्यांची, फिकट हिरवी. कंपनीचा बिल्ला निखळलेला. आणि पुढच्या रांगेत दोन नाही, तीन सीटा. ड्रायव्हर, मधला आणि कडेचा. मागे आणखी तीन.

बाँडची मालकीण छत्रीखाली पेपर वाचत होती. मक्केला जाऊन आलेली बाई, म्हणून सगळे तिला हाज्जत म्हणत.

"हाज्जत, पुढे तीन सीटा आहेत!"

"मोजता येतं तुला. शाब्बास."

"कुठली ही?"

"जपानची. सगळ्याच जपानच्या. तू बघून जाणारा आहेस ना? मग बघ आणि जा."

कटेंडेने आत डोकं घातलं. मधल्या सीटवर कोणी नव्हतं.

पण मधल्या सीटचा पट्टा... लावलेला होता.

"हा पट्टा का लावलाय?"

हाज्जतने पहिल्यांदा पेपर खाली ठेवला. "नाही लावला तर वाजते. सेन्सर बिघडलाय. काढू नकोस."

काढू नकोस म्हटल्यावर कटेंडेने तो काढला. दातांवर काम करणाऱ्या माणसाला हलणारी गोष्ट हलवून बघायची सवय असते.

टिंग... टिंग... टिंग...

बिनपट्ट्याचा माणूस बसला की गाडी वाजते, तशी ती वाजत होती. त्याने सीटवर हात ठेवला. सकाळपासून गाडी उन्हात होती. बाकीच्या सीटा तव्यासारख्या तापलेल्या.

मधली... गार होती.

"लाव तो पट्टा," हाज्जत म्हणाली. ती उभी राहिली होती. "आधी लाव. मग तोंड उघड."

त्याने लावला. आवाज थांबला. मग त्याच्या दुसरी गोष्ट लक्षात आली. जपानहून आलेल्या गाडीत एक बाई असते, नुसत्या आवाजाची. किल्ली फिरवली की ती जपानीत काहीतरी बोलते. काय बोलते ते अख्ख्या कंपालात कोणाला ठाऊक नाही, पण बोलते. कटेंडे तर तिला उलट उत्तर द्यायचा, "हो ताई, जेवलो मी."

त्याने किल्ली फिरवून बघितली. या गाडीतली बाई बोलली नाही.

"घेणार असशील तर आज ने," हाज्जत म्हणाली. "उद्या नको. आणि परत आणायची नाही. तसं लिहून दे."

कटेंडेने हसत हसत लिहून दिलं. विक्रेत्यांचा तोरा त्याला सवयीचा होता.

नामुलीने गाडी बघितली आणि रस्त्यातच खाली बसली. "बेडकाला चष्मा लावून आणलायस! बाबा मरतील!" ती हसली, तो हसला. ते दोघं एकत्र हसल्याचं मला आठवतं ते शेवटचं.

शनिवारी सकाळी मला मलेरियाने धरलं. अंगावर तीन ब्लँकेटं, तरी दात वाजतायत. मी फोन केला. पलीकडे कायीवा मामा, मागणी घालताना आमच्या बाजूने बोलणारा.

"आजच? कालपर्यंत काय करत होतास?"

"मामा, डासाला मी तारीख दिली नव्हती."

"आता एकोणतीस झालो ना रे! म्हातारा फाटक उघडणार नाही. कटेंडे, कोणाला तरी उचल रस्त्यावरून!"

मग कटेंडेचा आवाज आला, अगदी थंड. चेष्टा करताना त्याचा आवाज तसाच होतो. "थांबा. माणूस आहे आपल्याकडे."

माझा इस्त्री केलेला पांढरा झगा, आमचा कांझू, आदल्या दिवसापासून त्याच्याच गाडीत लटकत होता. कटेंडेने तो काढला. मधल्या सीटवर नीट बसता केला. बाह्या मांडीवर ठेवल्या, वरून पट्टा लावला. हात जोडून म्हणाला, "पाहुणे, चला. आजपासून तुम्ही आमच्यातले."

आणि गाडीतली बाई... बोलली.

एकच वाक्य. हळू, अदबीने. मी फोनवर ऐकलं. ताप होता, मान्य. पण ऐकलं.

"हो ताई," कटेंडे म्हणाला. "ठरलं तर मग."

पुढचं कटेंडेने मला नंतर सांगितलं. मित्यानाच्या रस्त्यावर कटेंडे स्टिअरिंगवर, मामा कडेला. मध्ये झगा.

"सरक की जरा," मामा म्हणाला.

"मी दाराला चिकटलोय मामा. तुम्हीच सरका."

"मी कुठे सरकू? माझा अर्धा खांदा खिडकीबाहेर आहे!"

मध्ये हातभर जागा होती. दोघांनी झग्याकडे बघितलं.

झगा... भरलेला दिसत होता.

"वारा शिरलाय," मामा म्हणाला. काचा बंद होत्या.

फाटकावर नामुलीचा चुलता काठी घेऊन उभा. एकेका गाडीत डोकावून, काठीने दाखवून मोजत होता. बेडकापाशी आला. ड्रायव्हर. मधला. कडेचा.

"तीस. या. उशीर केलात, लाज नाही वाटत?"

कटेंडेला हसू आवरेना. म्हाताऱ्याचा भाऊ कापडाला फसला! नामुलीला सांगितलं पाहिजे. तो गाडीतून उतरला, झगा घडी करायला वळला.

पट्टा सुटलेला.

झगा नव्हता.

मांडवात आमच्या बाजूला तीस खुर्च्या. एकोणतीस माणसं बसली. कटेंडेच्या डावीकडची खुर्ची रिकामी. रिकामी खुर्ची दिसली की संपलं. त्याने तिच्यावर हात टेकवायला नेला आणि...

मागे घेतला. खुर्ची गार होती. ऊन तिच्यावरच पडलं होतं.

टोमणे सुरू झाले. मुलीकडच्या बाजूने बोलणारा ओरडला, "कोण तुम्ही? दवाखाना पुढच्या वळणावर आहे."

"आमची कोंबडी हरवलीय," मामाने रीतीप्रमाणे सांगितलं. "तुमच्या अंगणात शिरताना बघितली."

"तुमच्याकडे बघून तर कोंबडीच पळाली असणार."

लोक हसले. हेडमास्तर हसले नाहीत. मग कॉफीच्या भाजलेल्या बियांची टोपली फिरली. प्रत्येकाने एक उचलायची, चावायची. टोपली कटेंडेवरून पुढे गेली आणि त्याच्या डाव्या कानाशी...

कट... कट... कट...

कोणीतरी सावकाश चावत होतं.

तेवढ्यात आत्या निघाल्या. नामुलीची आत्या नाकित्तो, हातात फुलांचा हार. पाहुण्यांमधून जावई ओळखायचा आणि त्याच्या गळ्यात हार घालायचा, हा मान आत्याचा. कटेंडेला त्या लहानपणापासून ओळखत होत्या. त्या त्याच्यासमोर थांबल्या. शर्टावरचा डाग बघावा तसं त्याच्याकडे बघितलं.

मग एक पाऊल डावीकडे सरकल्या.

हार उचलला. रिकाम्या खुर्चीवर... सोडला.

हार खाली पडला नाही.

आरोळ्या उठल्या. ढोल सुरू झाला. "आत्या!" कटेंडे उभा राहिला. "आत्या, मी इकडे आहे!"

"बस खाली. पाहुण्याने पाहुण्यासारखं राहावं."

"मामा! सांगा ना यांना!"

मामाने वळून बघितलं. कटेंडेकडे नाही. त्याच्या डावीकडे, हाराच्या जरा वर. आणि छाती फुगवून म्हणाला, "आमचा पोरगा. जरा लाजाळू आहे."

नामुली घरातून आली. नटलेली, खाली बघत. गुडघ्यांवर बसली आणि हसली. पण कोणी काही बोललंच नव्हतं.

कटेंडेकडे एकच गोष्ट उरली होती. "नामुली," तो म्हणाला, "बेडूक दारात उभा आहे. चष्मा घरी विसरला."

तिने मान वर केली. शेअर टॅक्सीच्या कंडक्टरकडे बघतात तसं बघितलं.

"बाबा, हा कोण?"

"ड्रायव्हर," हेडमास्तर म्हणाले. "त्याला मागच्या अंगणात जेवायला द्या. केळीच्या पानात बांधून." मग खुर्चीकडे वळून, आयुष्यात पहिल्यांदा हळुवारपणे म्हणाले, "असा जावई हवा. वायफळ एक शब्द नाही."

संध्याकाळी बेडूक परत निघाला. कटेंडे स्टिअरिंगवर. नामुली कडेला. तिने स्वतःचा पट्टा लावायच्या आधी मधला लावला. खट्.

सोमवारी कटेंडे हाज्जतच्या बाँडात गेला. ती पेपर वाचत होती.

"लिहून दिलंयस तू."

"पैसे नकोत. गाडी ठेवून घ्या. फक्त नामुली मला ओळखेल का, एवढं सांगा."

हाज्जतने पेपराआडून बोट दाखवलं. लांब नळापाशी एक पांढऱ्या दाढीचा माणूस गाड्या धूत होता. तो तिच्याकडे टक लावून बघत होता.

"लोक म्हणतात तो माझा नवरा. हे बाँड त्याचं होतं म्हणतात. गाडी जाऊन आठवडा झाला." तिने पान उलटलं. "तरी मला काही आठवत नाही. काम मात्र चांगलं करतो."

जे मांडवात होते त्यांना कटेंडे म्हणजे ड्रायव्हर. मी नव्हतो, म्हणून मला आठवतं. आमच्या नात्यात त्याला त्याच्या नावाने हाक मारणारा मी एकटा. तो त्याच्याच घराच्या पडवीत झोपतो. आतून नामुलीचं हसणं ऐकू येतं, पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर. मध्ये मध्ये ती थांबते.

कोणाचं तरी ऐकून घेत असल्यासारखी.

मामाचा परवा फोन आला. "अरे, जावईबापूंना अजून चहाला नाही बोलावलंस? ते तुझी चौकशी करत होते." मी म्हटलं, मला मलेरिया आहे. मामा म्हणाला, "वर्षभर?"

काल दुपारी दाराशी गाडी थांबली. इंजिन चालू. मी पडदा ओढून बसलो. टिंग... टिंग... वाजत होतं. म्हणजे कोणीतरी मधला पट्टा काढला होता.

बऱ्याच वेळाने ते थांबलं. कटेंडे दाराच्या फटीतून एक कागद सरकवून गेला. अर्ज त्याचा, अक्षर त्याचं. मी फक्त टपालात टाकायचा होता. टाकला. नक्कल खाली देतो.

"प्रति, मा. वाहन नोंदणी अधिकारी, कंपाला.

महोदय, मी, सदर वाहनाचा मालक, सध्या चालक, अर्ज करतो की माझ्या ताब्यातील फिकट हिरव्या वाहनाची नोंद सहा आसनी अशी असून, ती तात्काळ रद्द करून पाच आसनी अशी करण्यात यावी. पुढील रांगेतील मधले आसन आपल्या दप्तरी अस्तित्वात नसल्याचे जाहीर करावे. त्या आसनावरील इसमास तसे लेखी कळवून, त्याची सही घेऊन, पोच मजकडे पाठवावी. तसेच त्याच्यासोबत प्रवास करणाऱ्या महिलेस, चालकाचे नाव मोठ्याने वाचून दाखवण्याची व्यवस्था आपल्या कार्यालयामार्फत व्हावी, ही नम्र विनंती."