बोटीवर कळवायचं नाही

सुनेनं संध्याकाळी कॅमेरा खांद्याला अडकवून घराबाहेर पडावं, हे शांताबाईंनी मोठ्या कष्टानं का होईना, गिळलं होतं. पण तीच सून गेले बारा दिवस घरात बसून, नजर चुकवून, "कॉलेजला सुट्टी आहे" असं धडधडीत खोटं बोलत होती... आणि हे मात्र त्यांच्या घशाखाली उतरत नव्हतं!

"कसली गं ही सुट्टी?" प्लास्टरमधला उजवा हात उशीवर ठेवून त्यांनी दिवाणखान्यातूनच तोफ डागली. "दिवाळी झाली, इथल्या लोकांचं चिनी नवं वर्ष अजून लांब आहे. कॉलेजवाले काय झोपा काढतायत?"

"आहे हो आई सुट्टी." हर्षा पोळी लाटता लाटता म्हणाली. "तुम्ही हात हलवू नका बघू."

"हाताचं मला नको सांगूस. हात मोडलाय, तोंड शाबूत आहे!"

हर्षा हसली नाही. एरवी हसली असती. कोथिंबीर आणते म्हणून पिशवी घेऊन ती खाली गेली, आणि परदेशातल्या सेम्बावांगच्या त्या नवव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये पंख्याचा आवाज तेवढा उरला.

जानेवारीत, वयाच्या सदतिसाव्या वर्षी, हर्षानं कम्युनिटी कॉलेजात नाव घातलं होतं. टीव्ही-रेडिओसाठी लिहायचं कसं आणि व्हिडिओ करायचा कसा, ते शिकायला! "नवरा समुद्रावर, लेक सहावीत, आणि आई निघाली पाटी घेऊन," असं शांताबाई तेव्हा बोलल्या होत्या, आणि चारचौघांत बोलल्या होत्या. पण आठवड्यातल्या त्या तीन संध्याकाळी कुकर लावला कुणी? त्यांनीच. आणि इमारतीखालच्या बाकावर बसून "आमची सून टीव्हीचं शिकते" असं मान ताठ करून सांगितलं कुणी? तेही त्यांनीच!

शिवाय आणखी एक गोष्ट होती, ती त्यांनी कुणालाच सांगितली नव्हती. कानासाठी लिहिलेलं आधी कानानं तपासायचं असतं, म्हणून हर्षा आपलं लिखाण त्यांना मराठीत करून मोठ्यानं वाचून दाखवायची. शांताबाई दाभोळच्या शाळेत दुसरीपर्यंत गेलेल्या. पण डोळे मिटून ऐकायच्या आणि मधेच हात वर करायच्या. "थांब. एवढं लांब वाक्य? मधे श्वास कुणी घ्यायचा, शेजाऱ्यानं?" हर्षा ते वाक्य तोडायची. तिच्या मास्तरांनी नेमकी तीच तोडलेली वाक्यं वाखाणली, हे कळलं त्या दिवशी शांताबाईंनी कारण नसताना शिरा केला होता...

आणि मग बारा दिवसांपूर्वी त्या न्हाणीघरात घसरल्या. हर्षा वर्गात होती. ट्यूशनहून नात येईपर्यंत तासभर त्या ओल्या फरशीवर पडून होत्या.

दार वाजलं. ईशा शाळेतून आली, दप्तर फेकलं, आणि टेबलावरच्या लोणच्याच्या बरणीखालचा कागद उचलून, इथल्या पोरांसारखा शेवटी 'ला' लावत किंचाळली, "आज्जी! ऑइल लागलं ना! हा मम्मीचा फॉर्म आहे ला!"

"कसला फॉर्म? मला वाटलं, जाहिरात आहे."

ईशानं ओठ चावला. "मम्मीनं सांगू नको म्हटलं."

"म्हणजे आता सांगायलाच हवं. वाच."

"कॉलेज सोडायचा फॉर्म. उद्या द्यायचाय. रीझनमध्ये लिहिलंय..." ईशा अडखळली. "सासूबाई जखमी आहेत. घरी बघायला दुसरं कोणी नाही."

शांताबाईंच्या अंगातून जणू वीजच गेली! त्यांच्या नावावर? आपल्या नावावर ही पोर आपलं शिक्षण जाळणार, आणि वर सुट्टी आहे म्हणून सांगणार? पहिल्यांदा आला तो संताप. आणि संतापाच्या मागोमाग, दबक्या पावलांनी आली ती लाज... कारण हॉस्पिटलमधून आल्या आल्या हर्षानं विचारलं होतं, "तळमजल्यावरच्या चित्राताई संध्याकाळच्या येऊन बसतील, बोलावू का?" आणि त्यांनी ठणकावलं होतं, "परकी बाई मला लुगडं नेसवणार? त्यापेक्षा मला दाभोळला पोचवा!" दुसरं कोणी नाही, हे खरंच होतं. पण ते तसं केलं होतं कुणी?

"तुझ्या बाबाला ठाऊक आहे हे?"

"नो ला. तू पडलीस ते पण नाही. शिपवर आहेत ना. मम्मी रोज सांगते, सगळं ठीक आहे."

सगळं ठीक आहे! हे शब्द शांताबाईंनीच ह्या घरात आणले होते. लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी त्यांनी नव्या सुनेला बजावलं होतं, की आपण बोटीवरच्या माणसांच्या बायका. बोटीवर वाईट कळवायचं नाही. माणूस पाण्यावर, त्याला परत फिरता येत नाही, मग जिवाला घोर कशाला लावायचा?

त्यांनी डोळे मिटले आणि मग एकदम उघडले. "ईशा, फोन आण. बाबाला बोललेलं पाठवायचं ते बटण दाब."

हर्षा कोथिंबीर घेऊन दारात आली तेव्हा सासूबाई फोनवर ओरडून बोलत होत्या, जणू आवाज थेट बोटीपर्यंत पोचवायचा होता. "...मनगट मोडलंय, बाकी मी धडधाकट आहे. पण तुझी बायको माझ्यापायी कॉलेज सोडायला निघालीय. तुला कळायला हवं. ठेवते."

"आई!" हर्षाच्या हातातली पिशवी गळून पडली. "हे काय केलंत! बोटीवर वाईट कळवायचं नाही, हे तुम्हीच शिकवलंत ना मला?"

"शिकवलं." शांताबाईंचा आवाज आयुष्यात पहिल्यांदा खाली आला. "चुकीचं शिकवलं."

हर्षा खुर्चीत कोसळली. "तुम्ही तासभर फरशीवर पडला होतात, आई... तासभर! आणि मी तिथे माईक धरून आवाज तपासत बसले होते! मी कशी जाऊ पुन्हा? कुठल्या तोंडानं जाऊ?"

"रडून घे. आणि मग ऐक. हे मी माझ्या पोटच्या शैलेंद्रलाही कधी सांगितलं नाही."

आणि त्यांनी सांगितलं. त्यांना लिहिता येत नव्हतं, म्हणून त्या कॅसेटमध्ये बोलायच्या, आणि गावचा कुणी खलाशी निघाला की त्याच्या हाती ती नवऱ्याला, बाबूरावांना, पाठवायच्या. मामंजी वारले त्या महिन्यातही त्या कॅसेटमध्ये खळखळून हसल्या होत्या. "मामंजी बरे आहेत, ओटीवर बसलेत..." असं पाच महिने!

"मग हे आले. बापासाठी लोकरीचा स्वेटर घेऊन. उंबऱ्यात उभे राहून हाका मारत होते... मी काय सांगू गं? सगळं कळल्यावर एवढंच म्हणाले, 'शांते, आता तुझ्या हसण्यावर मी विश्वास कसा ठेवू?' त्यानंतर देवाघरी जाईपर्यंत त्यांनी कधी माझी कॅसेट मागितली नाही. मी लोकांना सांगत आले, माझ्या धीरानं घर चाललं. माझ्या धीरानं काय चाललं, ते मला विचार!"

हर्षा त्यांच्या गुडघ्यावर डोकं ठेवून रडली. आणि शांताबाई डाव्या हातानं, सवय नसलेल्या हातानं, तिच्या केसांतून बोटं फिरवत राहिल्या.

तेवढ्यात फोन वाजला. शैलेंद्रचा आवाज, मागे इंजिनाची घरघर. "आई, आधी रागावलो. मग जरा रडलोही. पण खरं सांगू? आता मला झोप लागेल. हर्षा रोज 'सगळं ठीक' म्हणायची आणि तिचा आवाज ठीक नसायचा... मी काय काय कल्पना करत होतो! तू पडलीस एवढंच आहे ना? हर्षाला सांग, फॉर्म फाड. आणि आई, चित्राताईंना येऊ दे. माझी शपथ."

ऐकताना हर्षाच्या छातीतून निघालेला तो सुस्कारा सबंध घरानं ऐकला. बारा दिवसांचं ओझं एका श्वासात उतरलं!

शांताबाईंनी दोनदा नाक ओढलं. "बोलाव त्या चित्राला. पण निऱ्या मी सांगेन तशाच घालायच्या."

मग हर्षा हळूच म्हणाली, "आई, माझी परीक्षेची शेवटची फिल्म बोटीवरच्यांच्या बायकांवरच आहे. चौघींना विचारलं. चौघीही म्हणाल्या, सगळं ठीक आहे. मास्तर म्हणाले, सगळं नीट टिपलंयस, पण ह्यात कुणी बोलतच नाही. तुम्ही आत्ता मला जे सांगितलंत..."

"जगाला सांगू? माझं पाप?"

"मास्तरांना आणि वर्गाला. तेही तुम्ही हो म्हणालात तर."

तो धीर, पुण्याई म्हणून मिरवलेली ती एकच गोष्ट होती शांताबाईंजवळ, आणि तीच सोडून द्यायची होती... "पदर नीट कर माझा," त्या शेवटी म्हणाल्या.

शुक्रवारी संध्याकाळी कॉलेजच्या अंधारलेल्या खोलीत त्यांचा चेहरा भिंतीएवढा मोठा दिसला. स्वेटरपाशी येऊन त्या थांबल्या होत्या, शब्दच फुटला नव्हता; त्यांना वाटलं होतं, हर्षा ते कापेल. हर्षानं ते ठेवलं होतं. एरवी खाली उमटणारी इंग्रजी अक्षरंही तिथे नव्हती, नुसती ती शांतता होती... आणि चिनी, मलय, तमिळ पोरं श्वास रोखून बघत होती. दिवे लागले तेव्हा हर्षाचे मास्तर उठून उभे होते. त्यांनी शांताबाईंना हात जोडून नमस्कार केला, आणि हर्षा पास झाली हे सांगायला भाषेची गरजच पडली नाही.

बाहेर व्हरांड्यात हर्षा त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली, शाळेतल्या पोरीसारखी. "आई, बोला ना काहीतरी."

शांताबाईंनी तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"मी पाच महिने खोटं बोलले, तर कुत्र्यालासुद्धा कळलं नाही. तुला बारा दिवस जमलं नाही. पोरीला कळलं, नवऱ्याला संशय आला, मला तर पहिल्याच दिवशी वास आला. खोटं बोलणं तुझ्याच्यानं बापजन्मी व्हायचं नाही, हर्षा. म्हणूनच ही खऱ्याची विद्या तुला शोभते. पुढच्या वर्षीचं नाव कधी घालायचं, ते विचारून ये आत जाऊन... मी इथेच उभी आहे."