अर्धा कंदी पेढा

डॉ. संयोगिता घोरपडे यांच्या दवाखान्यात एक रीत होती. तपासणी झाली की पोरानं अर्धा कंदी पेढा खायचा आणि उरलेला अर्धा डॉक्टरांना भरवायचा. साताऱ्यात पेढ्याला काय तोटा! पण ज्या पोरांसाठी हा दवाखाना निघाला, त्यांच्या आधीच्या पिढीला पेढा म्हणजे विष होतं.

या पोरांची खोट जन्मजात. दूध, डाळ, अंडं, कुठल्याही प्रथिनात फेनिलॅलनिन नावाचा एक घटक असतो. दवाखान्यात त्याचं नुसतं ‘फेनिल’ झालं होतं. अंग वाढायला तो लागतोच, पण थोडाच. जास्तीचा शरीर मोडून टाकतं. या पोरांच्या शरीराला तो मोडताच येत नाही. मग तो रक्तात साचतो आणि मेंदू नासवतो. बाळ दिसायला गुटगुटीत, आणि पुढे बोलणं नाही, समज नाही! म्हणून जन्मल्यावर दोन-तीन दिवसांत टाचेतून रक्ताचा थेंब घेऊन तपासायचं. खोट निघाली की जन्मभर वरण बंद, दूध बंद. मोजका भात, साबुदाणा आणि अंगाला बाकीची प्रथिनं मिळावीत म्हणून एक उग्र वासाची पावडर. नाक दाबून प्यायची बिचारी.

मग ‘सोबती’ आले. प्रयोगशाळेत घडवलेले जंतू. बाळाला पहिल्याच आठवड्यात पाजायचे. ते आतड्यात घर करणार आणि जास्तीचं फेनिल खाऊन टाकणार. पोरं पेढे खाऊ लागली, पावडरीचे कारखाने बंद पडले. त्याचं कुणाला वाईट वाटायचं कारण नव्हतं.

ओवी शिंगाडे ही सोबती मिळालेली साताऱ्यातली पहिली मुलगी. आता ती शाळेत गणित शिकवत होती. नवरा फौजेत, लडाखला. घरी सासू आणि दहा महिन्यांचा निहार. निहारच्या टाचेच्या तपासणीत काही म्हणता काही खोट निघाली नव्हती. तरी पोर वाळत चाललं होतं.

“डॉक्टरमावशी, याचे केस बघा, हात फिरवला की हातात येतात,” ओवी म्हणाली. निहार तिच्या खांद्यावर मान टाकून पडला होता. रडायचंही त्राण नव्हतं त्याच्यात.

“आम्ही काही कमी करत नाही हो,” सासूबाई, प्राजक्ताताई, म्हणाल्या. “उष्टावणाला मामानं खीर भरवली, तेव्हापासून ही आपल्या ताटातला घास चावून, मऊ करून भरवते. आईच्या उष्ट्यानं बाळ अंग धरतं. आमच्याकडे सगळी पोरं अशीच वाढली.”

डॉक्टरांचा हात निहारच्या पोटावर थांबला. “स्वतःच्या तोंडातला घास?”

“हो. तो जितका अशक्त, तितकी जास्त भरवते मी,” ओवी म्हणाली.

तपासणीत जे दिसलं ते डॉक्टरांनी दोनदा पाहिलं. निहारच्या रक्तात फेनिल नावापुरतं उरलं होतं. पोटात सोबती मावत नव्हते.

“पण ते दुसऱ्याच्या पोटात जगत नाहीत ना? तुम्हीच सांगायचात!” ओवी जवळजवळ ओरडली.

“नव्हते जगत. त्यांना तसं बांधूनच घातलं होतं. जिथं फेनिल साचलंय तिथंच तगायचं, निरोगी पोटात उपाशी मरायचं. पण आपली एक पिढी होईतो जंतूंच्या हजारो होतात गं. तुझ्या पोटात राहून ते थोडक्यात भागवायला शिकले.”

“मग याला फेनिल जास्त द्या.”

“जितकं घालू तितके तेच माजतील. शिरेतून देता येईल, पण किती महिने देणार? सोबती मारायचं औषध आहे. मात्र एवढ्याशा जिवाला ते एकदाच सोसतं. दुसऱ्यांदा दिलं तर यकृत जाईल. आणि पुन्हा लागण व्हायला तुझा एक घास पुरे. एक पापासुद्धा.”

प्राजक्ताताई पदराशी चाळा करत म्हणाल्या, “ओवी, तू माहेरी राहा. मी बघते याचं.”

“कधीपर्यंत, आई? माझ्या पोटातले काही मरायचे नाहीत. म्हणजे कायमचंच की!” ती डॉक्टरांकडे वळली. “माझे मारा. दोघांना एकदमच औषध द्या.”

“वेडी आहेस का? प्रयोगशाळेतले नवे सोबती तान्हेपणीच रुजतात, आता तुला देऊन उपयोग नाही. आणि पावडर कुठून आणू? जगात कुणी करत नाही आता. पुन्हा कारखाना उभा राहायला वर्ष तरी जाईल. तोवर नुसत्या साबुदाण्यावर राहिलीस तर तुझं स्वतःचंच मांस झिजेल, त्यातलं फेनिल रक्तात उतरेल. डोकं जाईल ओवी! गणित जाईल, माणसं ओळखेनाशी होतील. आणि गेलेलं किती परत येईल, मला सांगता येत नाही.”

“याला कडेवर घेता येईल ना?”

डॉक्टरांनी निहारचं झबलं सारखं केलं. मग हो म्हणाल्या.

घरातल्या सगळ्यांची तपासणी झाली. प्राजक्ताताई सुटल्या, त्या कुणाचं उष्टं खात नसत. सुटीवर आलेला नवराही सुटला. मायलेकरांना एकाच दिवशी औषध दिलं.

निहारनं अंग धरलं. महिन्याभरात गालावर रंग आला, धरून उभं राहू लागला. आणि ओवी? आधी पाढे अडखळले. मग शाळेतून परतताना ती भलत्याच गल्लीत शिरली. चिडायची, आदळआपट करायची आणि मग ओशाळून रडायची. शाळेतली नोकरी सुटली. पण निहार दिवसभर तिच्या कडेवर असे. “माझं सोनं गं ते,” एवढं तिला कधीच विसरायला झालं नाही.

निहारच्या पहिल्या वाढदिवसाला रिपोर्ट उत्तम आला. डॉक्टरांना हसावं की रडावं कळेना. त्यांनी टेबलावरच्या खोक्यातला पेढा घेतला, अर्धा स्वतः खाल्ला आणि अर्धा निहारच्या तोंडात घातला. “जिंकलास रे पठ्ठ्या!” म्हणाल्या. निहारनं मिटक्या मारत खाल्ला.

पुढच्या खेपेला निहारनं पुन्हा मान टाकली होती.

प्राजक्ताताईंची तपासणी पुन्हा झाली, ओवीचीही. काही नाही. मग डॉक्टरांची नजर टेबलावरच्या खोक्यावर गेली. त्यांनी स्वतःची तपासणी केली. सोबती होते, भरपूर होते. त्यांना काही जाणवलं नव्हतं; मोठ्या माणसाच्या भरल्या ताटातले दोन घास गेले तर कळतंय कुणाला! बाळाचं मात्र सगळं वाढणं त्यावर. वर्षानुवर्षं ओवीनं भरवलेले अर्धे पेढे त्यांना आठवले, आणि त्यांनी कौतुकानं कुणाकुणाच्या तान्ह्या पोराला भरवलेले उरलेले अर्धेही. बाहेर बाकावर आया बसल्या होत्या. दोघी-तिघींच्या हातात पेढ्यांची खोकी होती.

डॉक्टरांनी ओवीला समोर बसवलं आणि काही न लपवता सांगितलं. “माझ्या उष्ट्यानं झालं, ओवी. माझ्या हातानं.”

ओवीनं शब्द गोळा करायला वेळ घेतला. “पण मी... मी तर माझे सोबती सोडले ना? तुम्ही सांगितलं तसं सगळं केलं ना?”

“केलंस गं बाई. सगळं केलंस.”

“मग याला औषध द्या.”

“ते एकदाच देता येतं. आता दिलं तर त्याचा जीव जाईल.”

ओवीनं मान हलवली, जणू समजलं. प्राजक्ताताई तोंडाला पदर लावून भिंतीकडे वळल्या. ओवी निहारला थोपटत राहिली, त्याचे गळालेले केस खांद्यावरून एकेक करून उचलत राहिली. मग वर बघून तिनं विचारलं, “डॉक्टरमावशी, याचे केस बघा ना, हातात येतात. ते औषध असतं ना तुमच्याकडे? ते द्या की.”

डॉक्टरांनी तिला पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. सांगून होईपर्यंत तिनं मन लावून ऐकलं आणि मग तेच विचारलं.