पुलापलीकडचं पाणी

डोळ्यांच्या दवाखान्यात बाहुल्या मोठ्या करायचे थेंब घातले की माणूस तासभर तरी कामातून जातो. तिचंही तसंच झालं. समोरचं सगळं दुधात बुडवल्यासारखं दिसत होतं. भिंत चाचपत ती बाकापर्यंत आली, अंदाजाने टेकली – आणि खाली काहीतरी कडकन वाजलं.

"अहो बाई, तिथे आधीच कोणीतरी बसलंय."

"कोण?" ती दचकून उठली.

"माझा डबा. होता बिचारा... आता त्याची ताटली झाली असेल."

तिला हसूही आलं आणि लाजही वाटली. "माफ करा हं. मला काहीच दिसत नाहीये."

"मला तरी कुठे दिसतंय! मलाही थेंब घातलेत. तुम्ही म्हणजे आत्ता एक निळा ढग आहात."

"आणि तुम्ही?"

"मी फार देखणा आहे. दिसायला लागेपर्यंत विश्वास ठेवा."

तासाभराने दिसायला लागलं. नाक चेहऱ्याच्या मानाने जरा मोठंच होतं, केस विस्कटलेले होते... पण डोळे असे हसरे, की तिने नजर वळवली आणि पुन्हा तिकडेच नेली. तो शहराच्या पाणीखात्यात तपासनीस होता. दिवसभर सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून त्याचे डोळे शिणले होते.

"आणि तुमचे कशाने शिणले?"

"तक्रारी वाचते," ती म्हणाली. "एका कंपनीत, नदीच्या पुलाजवळ."

खोटं नव्हतं ते. पण खरंही नव्हतं.

घरी थोरल्या बहिणीने एका नजरेत ओळखलं. "डोळे तपासायला गेली होतीस की भिडवायला?"

"ताई, गप्प बस ना!"

पण ताई गप्प बसण्यातली नव्हती, आणि तोही. दुसऱ्याच आठवड्यात तो तिच्या ऑफिससमोरच्या चहाच्या दुकानात उभा. "नवा डबा घ्यायचाय. मोडणाऱ्याने सोबत यायचं असतं." मग डबा घेऊन झाला, मग पुलाच्या कठड्याला टेकून गप्पा सुरू झाल्या, मग 'अहो'चं 'अरे' कधी झालं कळलंच नाही. तो तिला 'ढग' म्हणायचा.

"माणसाला ढग म्हणतात का कोणी?"

"पाणीवाल्याने आणखी कोणाच्या मागे लागायचं मग?"

पाऊस भुरभुरत असायचा. तो छत्री तिच्या बाजूला कलती धरायचा आणि त्याचा एक खांदा चिंब व्हायचा. ती बोट दाखवायची, तो म्हणायचा, "राहू दे, तो खांदा तसाही रिकामाच आहे..." आणि तिचे कान तापायचे.

तिच्या कामाचं मात्र तिने कधी सांगितलं नाही. सांगायची परवानगीच नव्हती. तिसऱ्या मजल्यावर चाळीस माणसं पडद्यासमोर बसायची. लोकांनी नेटवर लिहिलेलं, कोणीतरी आक्षेप घेतलेलं एकेक समोर यायचं. खाली तीन बटणं – 'राहू द्या', 'काढा', 'वर पाठवा'. सुरुवातीला तिच्यासमोर शिवीगाळ यायची, धमक्या यायच्या. त्या काढताना वाटायचं, झाडलोट करतोय. मग वरून नवी यादी आली: 'भीती पसरवणारा मजकूर'. त्यात बंद पडलेला दवाखानाही आला, खचलेला रस्ताही आला. 'वर पाठवा' दाबलं की लिहिणाऱ्याच्या दारात दोन दिवसांत माणसं उभी राहायची. 'राहू द्या' दाबलं आणि ते पसरलं, तरी तेच. शिवाय दाबणाऱ्याचीही झाडाझडती. 'काढा' दाबलं की बाकी कोणाच्या नजरेला यायच्या आत गोष्ट तिथेच मिटायची.

एका संध्याकाळी तो कठड्याशी गप्प उभा होता. त्याचं गप्प राहणं तिला नवीन होतं.

"पुलापलीकडच्या वस्तीत पिण्याच्या नळात गटाराचं पाणी मिसळतंय," तो म्हणाला. "तीनदा तपासलं. साहेबांनी अहवाल ठेवून घेतला आणि माझं तिकडे जाणंच बंद केलं. गेलो तर नोकरी जाईल म्हणाले."

"मग?"

"मग मी नेटवर लिहितो. 'थेंब' या नावाने. पाणी उकळून प्या, एवढंच." तो हसला, पण डोळे हसले नाहीत. "टिकतच नाही गं. लिहिलं की गायब. कोण बसतं कोण जाणे तिथे. त्याला घरी पाणी लागत नसेल का?"

तिने छत्रीची मूठ घट्ट धरली. "नको लिहूस," ती पुटपुटली. "पकडतील तुला."

"कोणीतरी सांगायला नको?" आणि मग, एकदम हळू, "तू आहेस म्हणून भीती वाटते. आधी वाटत नव्हती. आवडतेस मला... फार."

तिने त्याच्या ओल्या खांद्यावर डोकं टेकलं, इतकंच.

दुसऱ्या दिवशी तिने साहेबांकडून आरोग्याच्या तक्रारींचा ढीग मागून घेतला. साहेब खूश झाले. तो ढीग कोणालाच नको असायचा. दुपारी 'थेंब' समोर आला. 'पुलापलीकडच्या मंडळींनो, नळाचं पाणी उकळल्याशिवाय पिऊ नका. लहान मुलांना आणि पोटुशी बायकांना तर मुळीच देऊ नका.'

आजवर नुसतंच काढलं गेलं; उद्या दुसऱ्या कोणाच्या हाती पडलं तर 'वर' जाईल. हा विचार मनात आला, आणि तिने 'काढा' दाबलं.

मग तिला तीच सवय लागली. तो दर मंगळवारी दुपारी लिहायचा, ती काढायची. चार मिनिटांत, कधी तीन. असं सहा वेळा. संध्याकाळी तो कठड्याशी सुखरूप दिसला की तिचा जीव भांड्यात पडायचा. माझा माणूस वाचला, ती स्वतःला सांगायची. पुलापलीकडे कधी कावीळ आल्याचं कानावर आलं, तर ती विषय बदलायची.

सातव्या आठवड्यात तो आला तो विनाछत्रीचा.

"पुलापलीकडच्या शिंप्याची सून गेली," तो म्हणाला. "सातवा महिना होता. कावीळ झाली. पोटातलंही... गेलं. नोकरीची तमा न करता भेटायला गेलो मी. शिंपी माझा हात धरून म्हणाला, 'आम्हाला कोणी सांगितलंच नाही हो.' गेल्या दीड महिन्यात सहा वेळा लिहिलं होतं मी. सहा वेळा!"

 आता बोलली नाही, तर जन्मात बोलता येणार नाही, हे तिला कळून चुकलं.

"मी काढलं," ती म्हणाली.

"काय?"

"तिथे जो बसतो ना... ती मी. सहाही वेळा मीच काढलं. दुसऱ्याने पाहिलं असतं तर तुला उचलून नेलं असतं. मला तू हवा होतास रे. आवडतोस मला. त्या दिवशी सांगितलं नाही, आज सांगते."

इतके दिवस ओठांवर येऊन परतलेले शब्द, आणि बाहेर पडायला त्यांना हीच घटका सापडली.

तो पाण्याकडे वळला. ओरडला असता तर तिला बरं वाटलं असतं.

"तुला मला वाचवायचं होतं, समजू शकतो," तो म्हणाला. "पण तुला तर माहीत होतं ना सगळं. माझं जाणं बंद होतं, तुझं नव्हतं. हा पूल ओलांडायला दहा मिनिटं लागतात. एकदा जाऊन सांगायचंस."

  तो पूल आपल्यालाही ओलांडता येतो, हे तिच्या कधी मनातच आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिने राजीनामा दिला आणि मग ती पुलापलीकडे गेली. दारोदार फिरली. "पाणी उकळून प्या." एका म्हातारीने तिला नीट पाहून घेतलं. "आता सांगतेस होय बाई? आता घरोघरी पिवळे डोळे झालेत." शिंप्याच्या दाराशी मात्र तिचा पाय उचलेना. आतून शिलाई यंत्राचा आवाज येत होता. माणसं मेली तरी लोकांचे कपडे शिवावे लागतात.

पंधरवड्यात त्याची बदली झाली, लांबच्या एका धरणावर. वस्तीत गेल्याची शिक्षा होती ती. त्याच्या खात्यातल्या कोणाकडून ऐकून ताईने सांगितलं, तशी ती बसस्थानकावर धावली. तो खिडकीत बसला होता. गाडीचं इंजिन सुरू झालं होतं.

"नोकरी सोडली मी," ती धापा टाकत म्हणाली.

"म्हणजे तुझ्या खुर्चीत दुसरं कोणी बसलं असेल."

"हो." तिने मान खाली घातली. "माझ्यापेक्षा वेगवान आहे म्हणतात."

तो कसनुसा हसला. खिडकीच्या गजावरच्या तिच्या बोटांवर त्याने क्षणभर हात ठेवला. "फोन करू नकोस मला. तुझा आवाज ऐकला की शिंप्याचा आवाज ऐकू येतो. प्रेम नाही असं नाही... पण त्याचं काय करायचं ते मला कळत नाही."

"लिहिशील ना?"

"लिहीन. मंगळवारी, दुपारी. दुसरं येतंय काय मला?"

"काढायच्या आत मी वाचेन."

गाडी हलली. त्याने मागे वळून पाहिलं, अगदी वळणापर्यंत.

पहिल्या मंगळवारी 'थेंब' दोन मिनिटं टिकला. तिने तो कागदावर उतरवून घेतला आणि पुलापलीकडच्या नळावर चिकटवला. संध्याकाळी कोणीतरी तो फाडला. दुसऱ्या मंगळवारी मिनिटभर. तिसऱ्या मंगळवारी काहीच उमटलं नाही. चौथ्याही नाही.

आता लिहिलेलं दिसायच्या आधीच वाचून अडवायची सोय झाली आहे, असं ऑफिसातली एक जुनी मैत्रीण सांगून गेली होती. म्हणजे तो लिहीत असेल. किंवा थकून थांबला असेल. किंवा त्याच्या दाराशी माणसं येऊन गेली असतील. यातलं कुठलं खरं, हे तिला कळायला काही मार्ग नव्हता.

पाचव्या मंगळवारी ताईने जेवणाचं ताट पुढे सरकवलं, तिने ते बाजूला ठेवलं. नेटवरच्या 'थेंब'च्या रिकाम्या पानावर तिने आयुष्यात पहिल्यांदाच काहीतरी लिहिलं – 'तू लिहितोस असं समजून मी रोज येते. माझं चुकलं. तू हवा आहेस.' बटण दाबलं. पडद्यावरचा गोल फिरत राहिला. फिरतच राहिला.

"कोणाला लिहितेस?" ताईने विचारलं. "त्याला पोचणार आहे का ते?"

"नाही पोचायचं," ती म्हणाली. "पण तिसऱ्या मजल्यावर कोणीतरी वाचत असेल."