४१२ पैकी ४१२

० टक्के. शिल्लक वेळ: मोजत आहे…

"ह्यांचा आवाज चोरीला गेलाय," बाई म्हणाल्या आणि मग खुर्चीत बसल्या.

भाऊजींनी वहीत 'आवाज' लिहून पुढं प्रश्नचिन्ह काढलं. गेली नऊ वर्षं ते भावजयीच्या तपासकामात वही धरत होते. वहिनींनी ऐकायचं, भाऊजींनी टिपून घ्यायचं. भाऊजींना कमी ऐकू यायचं, त्यामुळे ही वाटणी कोणत्या शहाण्यानं केली, हे घरात कोणीच सांगू शकत नसे.

"फार वाईट झालं," भाऊजी म्हणाले. "कधी वारले?"

"कोण? घरी आहेत. जेवून पडले असतील."

वहिनींनी नुसतं पाहिलं. भाऊजी पेन्सिलीला टोक काढू लागले.

बाईंचे यजमान लिलाव पुकारायचे. चाळीस वर्षं. मग घशात गाठ निघाली, आणि डॉक्टरांनी सांगितलं की स्वरयंत्र काढावं लागेल. ऑपरेशनच्या आधी महिनाभर ते रोज मायक्रोफोनसमोर बसले आणि चारशे बारा वाक्यं बोलून ठेवली. त्याला आता दोन वर्षं झाली.

"काय काय आहे त्यात?"

"सगळं. 'दार लाव गं.' 'चष्मा कुठं ठेवलास?' मला हाक मारलीय एकवीस तऱ्हांनी. एक रागातली आहे, ती सगळ्यात छान."

मुलाची कल्पना अशी, की बाबांनी बटण दाबायचं आणि संगणकानं त्यांच्याच आवाजात बोलायचं.

"पहिला आठवडा दाबलं त्यांनी. 'चहा झाला का?' वाजलं, की मी आतून म्हणायचे, 'आणते हं.' संगणकाला. मग त्यांनी सोडून दिलं. आता पाटीवर लिहितात. अक्षर म्हणजे कुत्र्याचे पाय मांजराला. मला लागतच नाही."

"आणि त्या फायली?"

"मी ऐकते. रोज दोन ते चार. पुढच्या खोलीत, दार लावून."

"दार का?"

"ह्यांची झोपमोड नको."

शनिवारी दुपारी सगळं नीट वाजलं होतं. रविवारी संगणकवाल्यानं जुन्या संगणकातलं सगळं नव्यात हलवलं. सोमवारी बाईंनी 'दार लाव गं' दाबलं, तर नुसतं सूं सूं.

"फायली गेल्या म्हणजे?"

"गेल्या असत्या तर समजलं असतं. चारशे बाराच्या चारशे बारा आहेत. नावंही तीच. आत हे नाहीत."

१८ टक्के. शिल्लक वेळ: नऊ तास

संगणकवाला चिडलेलाच होता. "साडेतीन लाख फायली, वहिनी! लिलावांच्या याद्या, कपाटांचे फोटो, खुर्च्यांचे फोटो. सकाळी आठला लावलं ते रात्री संपलं. ती खिडकी कधी म्हणते नऊ तास, कधी म्हणते चार मिनिटं. तिच्यावर विसंबून मी जेवायलासुद्धा गेलो नाही."

"हलवताना फायली बिघडतात?"

"एखादी बिघडेल. चारशे बारा, त्याही ओळीनं, एकाच पद्धतीनं? मी आधी मोजल्या, नंतर मोजल्या, दोन्हीकडच्या ताडून पाहिल्या. जे होतं तेच आलं."

"उघडून ऐकल्या?"

"दुसऱ्याच्या घरातलं बोलणं मी कशाला ऐकू?"

"जुना संगणक?"

"काकूंनीच सांगितलं पुसायला, कोणाला तरी द्यायचा होता. पार धुऊन काढला. त्यातून आता काही निघायचं नाही."

"त्या घरी आधी गेला होतात?"

"पहिल्यांदाच गेलो. आणि शेवटचंच म्हणा."

४० टक्के. शिल्लक वेळ: चार मिनिटं

मुलगा फक्त रविवारी घरी यायचा. त्यानं विचारायच्या आधीच कबूल केलं.

"हो, मी म्हणालो होतो, आई, पुसून टाक ते. रोज दोन तास दार लावून हसत बसते. वेड लागेल तिला. पण म्हणणं वेगळं आणि करणं वेगळं."

"तुमच्याकडं दुसरी प्रत असेल ना?"

"पेनड्राइव्हवर होती. दोन महिन्यांपूर्वी बाबांनी मागून घेतला. त्यांना ऐकायचं होतं म्हणे. परत आला तेव्हा रिकामा होता. चुकून झालं असेल."

भाऊजींनी पानावर 'मुलगा' लिहून दोनदा अधोरेखित केलं. जिन्यात ते म्हणाले, "वहिनी, हाच. डोळे बघितलेत?"

"बघितले. रडून आलाय तो."

९९ टक्के. शिल्लक वेळ: अकरा तास

बाईंच्या घरी दोनच खोल्या होत्या आणि मधली भिंत लाकडी फळ्यांची. आतल्या खोलीत यजमान खुर्चीत बसले होते. मांडीवर पाटी. गळ्यावर मलमलीचा तुकडा बांधलेला, तो आत-बाहेर होत होता. त्यांनी हात जोडले.

पुढच्या खोलीत वहिनींनी नव्या संगणकावर एकेक फाइल उघडली. भाऊजींनी तारखा उतरवून घेतल्या. दोन वर्षांपूर्वीची एकही नव्हती. सगळ्या गेल्या दोन महिन्यांतल्या, आणि वेळ प्रत्येक वेळी दुपारी दोन ते चारच्या मधली.

"कॉपी करताना तारीख बदलली असेल," भाऊजी म्हणाले.

"मग रविवारची पडली असती."

भाऊजींनी हेडफोन लावला. त्यांच्या सवयीप्रमाणे आवाज टोकाला नेला.

"मागं कोणीतरी पुरुष बोलतोय. शेजारचा रेडिओ असावा."

"शेजारी कोण?" बाई म्हणाल्या. "एकीकडं बंद गोदाम, दुसरीकडं रस्ता."

"भाऊजींशी आमची कढईसुद्धा बोलते," वहिनी म्हणाल्या. पण हेडफोन त्यांनी मागून घेतला, आणि बराच वेळ काढला नाही.

१०० टक्के. पूर्ण होत आहे…

दुसऱ्या दिवशी सगळे पुढच्या खोलीत जमले. मुलगा दाराशी उभा राहिला, संगणकवाला स्टुलावर बसला. यजमानांना वहिनींनी स्वतः हात देऊन आणलं आणि खुर्चीत बसवलं.

"हलवताना काहीच हरवलं नाही," वहिनी म्हणाल्या. "मोजणी बरोबर आहे. म्हणजे मोजण्याआधीच फायली बदललेल्या होत्या. शनिवारी चारनंतर, रविवारी आठच्या आत. नाव तेच ठेवून वर नवी फाइल टाकली की जुनी जाते. पाच मिनिटांचं काम."

"मग कोणीही केलं असेल," मुलगा म्हणाला.

"टाकायला पाच मिनिटं. तयार करायला दोन महिने लागले. चारशे बारा वेळा रेकॉर्ड करायचं, चारशे बारा नावं द्यायची. तुम्ही रविवारखेरीज येत नाही, आणि हे त्या सकाळी पहिल्यांदा या घरात आले. दुपारी दोन ते चार इथं कोण असतं?"

"मी," बाई म्हणाल्या. "इथंच. मी केलं म्हणताय?"

वहिनींनी स्पीकरचा आवाज पूर्ण वर नेला आणि बटण दाबलं.

सूं. सूं. आणि त्याच्याही मागं, फार लांबून, एक भरदार आवाज: *चष्मा कुठं ठेवलास?* मग एका बाईचं हसणं. *तुमच्याच डोक्यावर आहे, अहो.*

बाईंनी स्वतःचं हसणं ओळखलं. त्यांचा हात तोंडाशी गेला.

"रेडिओ नव्हता तो," वहिनी हळू आवाजात म्हणाल्या. "तुम्ही इथं ऐकत होतात. भिंतीच्या पलीकडं कोणीतरी फोन हातात धरून बसलं होतं. आणि ही सूं सूं नाकातून नाही येत. गळ्याच्या भोकातून येते. पेनड्राइव्हही त्यांनीच मागून घेतला होता."

कोणीच यजमानांकडं पाहिलं नाही. खडूचा आवाज सुरू झाला तेव्हा पाहावं लागलं. त्यांनी पाटी बायकोसमोर धरली. बाईंनी डोळे बारीक केले, मान हलवली आणि पाटी वहिनींकडं सरकवली.

"वाचा तुम्ही. मला लागत नाही."

वहिनींनी आधी मनात वाचलं. मग मोठ्यानं.

"'दोन वर्षं तू त्याच्याकडं जात होतीस. दार लावून.'"

संगणकवाल्याला अचानक आपल्या बुटाची नाडी सापडली. मुलगा भिंतीकडं वळला.

बाई उठल्या. त्यांनी पुन्हा बटण दाबलं, स्पीकरला कान लावला. *चष्मा कुठं ठेवलास?* पुन्हा दाबलं. पुन्हा.

"अहो," त्या म्हणाल्या, आणि भाऊजींना वाटलं यजमानांना हाक मारतायत. पण त्या संगणकवाल्याशी बोलत होत्या. "आवाज आहे की यात. ही मधली सूं सूं तेवढी काढता येईल का?"

यजमानांच्या गळ्यावरची मलमल क्षणभर हलायची थांबली.

"येईल, काकू," संगणकवाला खाली बघत म्हणाला. "पण दोन्ही एकमेकांत मिसळलंय. श्वास काढला तर आवाजही थोडा जाईल."

"किती?"

"सांगता येत नाही. बराच."

बाई उभ्याच राहिल्या. एकदा स्पीकरकडं पाहिलं, एकदा खुर्चीकडं.

"मग राहू दे," त्या म्हणाल्या.

भाऊजींना हे स्पष्ट ऐकू आलं. वहीत लिहायला त्यांनी पेन्सिल टेकवली, पण कशासाठी राहू दे, आवाजासाठी की श्वासासाठी, ते काही त्यांना कळलं नाही. वहिनींना कळलं असणार. यजमानही बायकोच्या चेहऱ्याकडं तेच शोधत असल्यासारखे बघत होते, हातात खडू घेऊन. त्यांनीही विचारलं नाही.