सातवं मिनिट

किल्लारीच्या जीपमध्ये शिवकांतानं आधी पाण्याचे दोन जार चढवले आणि मग ती लॅपटॉपची पिशवी मांडीवर घेऊन बसली. दोन हजार सोळाचा एप्रिल होता. लातूरला रेल्वेनं पाणी येत होतं, आणि माळावरच्या केंद्रात जाणाऱ्यानं आपलं पाणी आपणच न्यायचं, असा रिवाज पडला होता. जीपमध्ये दोघं जण उदगीर जिल्हा होणार की नाही, यावर हमरीतुमरीवर आले होते.

"करा की जिल्हा," मागची म्हातारी म्हणाली. "पर कलेक्टर आंघूळ कशानं करंल?"

सगळे हसले. शिवकांताही हसली.

ती नांदेडची. विष्णुपुरीच्या कॉलेजातून बाहेर पडून तिला नऊ वर्षं झाली होती. संगणकाची स्क्रीन वापरणाऱ्याला सोपी कशी होईल, हे ठरवायचं तिचं काम. बँका झाल्या, दवाखाने झाले. उपग्रहाचं काम पहिल्यांदाच आलं होतं. एका खासगी कंपनीचा छोटा उपग्रह रोज मराठवाड्यावरून जाताना जमिनीतला ओलावा मोजायचा. टँकर आधी कुठल्या गावाला पाठवायचे, हे त्यावरून ठरायचं. माळावरचं केंद्र म्हणजे दोन खोल्या, गच्चीवर पांढरी तबकडी आणि आळीपाळीनं खुर्चीत बसणारी तीन माणसं: केंद्रप्रमुख रेवणसिद्ध अप्पा, पंढरी आणि गुरम्मा.

सकाळी पावणेअकराला उपग्रह क्षितिजावर यायचा आणि अकरा मिनिटांत पार व्हायचा. त्याच्याशी जे काय बोलायचं ते तेवढ्यात. पण दोन महिन्यांपासून कुणीच न पाठवलेली एक आज्ञा रोज त्याच्याकडे जात होती. मुख्य कार्यालयातल्या इंजिनिअरनं सांगितलं होतं, "स्क्रीन किचकट आहे. चुकून हात लागत असेल. तेवढं बंद करा."

शिवकांताची पद्धत साधी होती. काम करणाऱ्याच्या मागं स्टूल टाकायचं, तोंड मिटून बसायचं, हात कुठं जातात ते वहीत टिपायचं.

पहिल्या दिवशी खुर्चीत पंढरी होता. सातव्या मिनिटाला त्यानं दोन्ही हात उचलले आणि खुर्चीसकट उजवीकडे सरकला. एसटीत शेजारच्याला बूड टेकायला जागा द्यावी, तसा. वीस सेकंद तसाच राहिला. मग पूर्ववत कामाला लागला. तिनं वहीत लिहिलं, 'सरकला. का?'

दुसऱ्या दिवशी गुरम्मा सरकली. सातव्याच मिनिटाला.

तिसऱ्या दिवशी अप्पा सरकले. त्यांनी मान जराशी खालीही घातली.

"अप्पा, मधेच बाजूला का झालात?" उपग्रह गेल्यावर तिनं विचारलं.

"जागा द्याया लागती की."

"कुणाला?"

मानेवरचा घाम पुसता पुसता अप्पांचा हात थांबला. "मी असं म्हणलो?"

"आत्ताच म्हणालात."

"न्हाई म्याडम. मी कशाला सरकतो? हितंच तर हाय मी."

पुन्हा गुरम्माची पाळी आली, तेव्हा शिवकांतानं मोबाइलवर चित्रण केलं आणि तिला दाखवलं. स्वतःला सरकताना बघून गुरम्मानं ओढणी गच्च धरली. "ताई, मला कायबी आठवत न्हाई. हे कुणाला दावू नका. अप्पाची नोकरी जाईल."

शिवकांतानं नोंदी तपासल्या. ती आज्ञा नेमकी त्या वीस सेकंदांत जात होती. उपग्रह एका बाजूला झुकू लागला की त्याचा कल सावरणारी आज्ञा. पाठवणाऱ्याचा रकाना रोज कोरा. तिनं मुख्य कार्यालयाला फोन लावला.

"ती आज्ञा चुकीची असते का?"

पलीकडून इंजिनिअर म्हणाला, "चुकीची असती तर बरं झालं असतं. दर वेळी अचूक असते. ते गणित करायला आम्हाला तीन तास लागतात."

कारण काहीतरी असणार, आपल्याला दिसत नाही इतकंच, असं तिनं स्वतःला बजावलं. नवी स्क्रीन तिनं बोटानं दाबायची केली आणि कुठल्याही आज्ञेला दोन बटनं ठेवली. डाव्या टोकाला 'तयार', उजव्या टोकाला 'पाठवा'. पहिलं दाबलं की पिवळं होणार. दहा सेकंदांत दुसरं दाबलं नाही तर विझणार. चुकून लागलेल्या हातानं आता काही जाणं शक्य नव्हतं.

सोमवारी चाचणी झाली. बाहेर ऊन रणरणत होतं, पत्रे तडतडत होते. गुरम्मा खुर्चीत, शिवकांता मागं, अप्पा आणि पंढरी दाराशी. सहा मिनिटं सगळं सुरळीत चाललं. गुरम्मा एकदाही अडखळली नाही.

सातव्या मिनिटाला तिनं हात उचलले आणि उजवीकडे सरकली.

'तयार' पिवळं झालं.

गुरम्माचे दोन्ही हात मांडीवर होते. शिवकांतानं ते नीट पाहिले.

दहा सेकंद गेले. बटन विझलं.

पुन्हा पिवळं झालं.

"गुरम्मा," शिवकांता म्हणाली. गुरम्मा भिंतीकडे बघत होती. दाराशी अप्पाही भिंतीकडेच बघत होते, पंढरीही. स्क्रीनच्या कोपऱ्यातला उपग्रहाच्या कलाचा आकडा वाढत होता. चार. सहा. नऊ. पंधरावर गेला की उपग्रह हातचा जाणार होता.

बटन विझलं. लगेच पिवळं झालं.

विझलं. पिवळं झालं.

अकरा. तेरा.

ती उठली. गुरम्माचा खांदा आणि स्क्रीन यांच्यामधल्या मोकळ्या जागेतून तिनं हात पुढं घातला. बोटांना काहीच लागलं नाही. तिनं 'पाठवा' दाबलं.

चौदावर आकडा थांबला. मग उतरू लागला.

गुरम्मा खुर्ची ओढून पुन्हा स्क्रीनसमोर आली. "ताई, तुमी उठलात का?"

शिवकांता त्याच दुपारी नांदेडला परतली. चाचणीनंतर वापरणाऱ्यांचं मत घ्यायचं असतं, म्हणून छापील प्रश्नांच्या कागदांचा गठ्ठा ती केंद्रावर ठेवून आली होती. चार दिवसांनी भरलेले कागद एसटीच्या पार्सलनं आले. अप्पांनी एका ओळीत उरकलं होतं. पंढरीनं अक्षरं मोठी करा म्हटलं होतं. गुरम्मानं पाठपोट लिहिलं होतं.

त्याखाली चौथा कागद होता. नावाची जागा कोरी. पेन्सिल दाबून लिहिलेलं, एकेक अक्षर सुटं.

'काय अवघड गेलं?' या प्रश्नापुढं होतं, 'दुसरं बटन लांब पडतं. हात पोचत न्हाई.'

तिनं तो कागद टेबलावर ठेवला. मग लॅपटॉप उघडला, उजव्या टोकाचं बटन धरलं आणि डावीकडे, पहिल्याला खेटून आणून ठेवलं. कुणाला विचारलं नाही, कुणाला कळवलंही नाही.

कागद पाकिटात घालताना तिला दिसलं, की मागच्या बाजूचा प्रश्नही त्यानं सोडला नव्हता. 'नव्या स्क्रीनमध्ये काय आवडलं?'

'बाईचा हात गरम हाय.'