नासोलेवू टेकडीची सहल

दर मंगळवारी दहा वाजता मी सुवा शहरातल्या माझ्या खोलीतून अकरा मुलांना ऑनलाइन इतिहास शिकवतो. दहा जण दूरच्या बेटांवर. अकरावी लितिया इथल्याच इस्पितळात. चक्रीवादळात घराची तुळई अंगावर पडली, तेव्हापासून तिचे पाय हलत नाहीत. नेट रडतखडत चालतं, कुणाच्या तरी पडद्यावर कोंबडी फिरतेच, पण मला हा वर्ग मनापासून आवडतो.

त्या मंगळवारी सहल होती. नासोलेवू टेकडीवरची पूर्वजांची ओसाड गढी तिथला राखणदार अपेनिसा फोनवरून दाखवणार होता. त्याच्या आणि माझ्या बेटात पिढ्यानपिढ्यांचं थट्टेचं नातं.

"मास्तर, तुझ्या बेटावरच्या चोरांना फुकट आत सोडत नाही हां. यांगोना कुठाय?"

"बोटीने पाठवलाय की! तूच ढोसला असशील."

मुलं खिदळली. मग अपेनिसाने यांगोनाच्या, म्हणजे आमच्याकडच्या मानाच्या नशील्या पेयाच्या, मुळ्या दगडी चौथऱ्यापुढे ठेवल्या आणि तो गंभीरपणे पूर्वजांना म्हणाला, "अकरा मुलं आली आहेत. आपलीच लेकरं माना."

त्याने खंदक दाखवला, घरांचे चौथरे दाखवले, कमरेएवढं गवत दाखवलं.

"काका, तिथे पळायला जागा आहे?" लितियाने विचारलं.

"अगं, सगळी टेकडी तुझीच!"

तेवढ्यात त्याचं नेट गेलं. मी गृहपाठ देऊन वर्ग सोडला. आल्यावर परवानगी मागतात तसा निघताना निरोपही मागायचा असतो, हे माझ्या डोक्यातही आलं नाही. खुर्चीतून कोण कुठे गेलं होतं?

दुसऱ्या दिवशी सकाळी अपेनिसाचा फोन आला. आवाजात थट्टा नव्हती.

"मास्तर, तुझी पोरं घेऊन जा."

"कुठली पोरं?"

"चौथऱ्यापुढे गवत दबलंय. अकरा जागी. कुणी मांडी घालून बसल्यासारखं. हाताने उभं केलं की परत दबतं."

डुकरं असतील, असं म्हणून मी फोन ठेवला. तरी चैन पडेना, म्हणून मुलांना पडद्यावर बोलावलं. अकराही जण शांत, हसतमुख होते. सगळ्यांच्या कॉलरी फडफडत होत्या. लितियाच्या केसांतली रिबनही. एकाच दिशेने. मागचे पडदे मात्र स्तब्ध होते.

मी घाबरलो. अपेनिसाला तसाच टेकडीवर पाठवला, फोनवरून वर्गात जोडून घेतला. त्याने मुळ्या ठेवल्या आणि एकेक मूल माझ्यामागून निरोपाचे शब्द म्हणू लागलं.

पहिली कॉलर शांत झाली.

"एक जागा उठली," अपेनिसा कुजबुजला.

दुसरी. पाचवी. दहावी.

"सर, भूक लागली," कुणीतरी जांभई देत म्हणालं.

लितियाची रिबन उडतच होती.

"लितिया, निरोप माग बाळा."

"नको ना, सर. मी कुणाला त्रास नाही देणार."

इतकी आनंदी मी तिला कधीच पाहिली नव्हती. पुन्हा सांगायला माझी जीभ रेटेना.

याला तीन महिने झाले. लितिया नीट जेवते, वर्गात पहिली येते. अपेनिसा पुन्हा मला चोर म्हणतो. अकराव्या जागी आता गवत दबलेलं नाही, चौथऱ्याभोवती मात्र पायवाट पडली आहे, म्हणतो.

काल मी लितियाला भेटायला केळी घेऊन गेलो. ती गाढ झोपली होती, दुपारच्या उन्हात. नर्स तिच्या पायाशी बसून चिमट्याने तळव्यांतली कुसळं काढत होती.

"रोजचंच आहे हो," ती म्हणाली.