जूनपर्यंत न जुळणारी पत्रिका

"आई, चहा टाक गं! घसा पार सुकलाय!"

वसुधानं चपला काढल्या, पिशवी खाटेवर फेकली, आणि... अगं बाई! ही खाट आपली नव्हेच!

आतून एक उंच तरुण बाहेर आला, हातात किटली घेऊन. "साखर किती?"

एकोणसाठ सालातलं बरखेडा ते, भोपाळजवळची कारखान्याची वसाहत. नवे क्वार्टर्स असे, की एकाला झाकावं नि दुसऱ्याला काढावं. भलत्याच घरात शिरणं तिथं रोजचंच होतं. पण भलत्याच घरात शिरून चहा मागणारी वसुधा पहिलीच!

"माफ करा हं... मी पुढच्या रांगेतली. अण्णा, म्हणजे माझे वडील, कारखान्यात हेडक्लार्क..."

"ते कळलं हो. साखर सांगा."

"दोन चमचे," ती पुटपुटली.

तो विश्वास. कारखान्यातला इंजिनिअर, मँचेस्टरच्या कॉलेजात एक सत्र शिकून नुकताच परतलेला. चहा त्यानं केला तो केला, वर कपही स्वतःच विसळले. पुरुषमाणूस कप विसळतोय! वसुधा डोळे विस्फारून बघत राहिली.

"तिकडचं शिक्षण," तो हसला. "पहिल्या दिवशी मी कप तसाच ठेवून उठलो, तर प्रोफेसरसाहेबांनी त्यांच्याबरोबर माझाही विसळला. मेलो लाजेनं!"

तेव्हा तिनं पिशवीतलं पत्र काढलं. अजून घरीही दाखवलं नव्हतं तिनं. कारखान्याच्या बालवर्गात शिकवणाऱ्या वसुधाला लीड्सला एक सत्र शिकायला बोलावलं होतं. जानेवारी ते जून.

"अरे वा! बहुत खूब!" विश्वास उडालाच. जणू त्याचीच निवड झाली होती.

मग काय, काही ना काही विचारायला वसुधाची तिकडे फेरी ठरलेली. त्याच्या आई शशिकलाबाई भाजी निवडत ऐकायच्या, आणि तो सांगत सुटायचा. धुक्यात हरवलेली बस, लायब्ररीत एकट्या बसून वाचणाऱ्या मुली...

"आणि तिकडे प्रश्न विचारला ना, तर उद्धट म्हणत नाहीत. खूश होतात."

वसुधाला तर जन्मभर 'फार बोलतेस' हेच ऐकायची सवय. ती त्याच्याकडे बघतच राहायची. तो बघायला लागला की मात्र निवडलेली भाजी पुन्हा निवडायला घ्यायची. ती प्रेमात पडली होती. अगदी आकंठ!

पण शशिकलाबाईंना कुठला धीर! एके दिवशी त्या परस्पर अण्णांकडे गेल्या आणि वसुधाची पत्रिका मागून घेऊन आल्या. अण्णांना आभाळ ठेंगणं झालं.

"मार्गशीर्षात बार उडवून देऊ! आणि लग्न झाल्यावर कसली विलायत? पुरे झालं ते खूळ!"

वसुधा तरातरा विश्वासकडे गेली. "तुम्हीच पाठवलंत ना आईंना?"

"नाही हो. पण... आवडलं मला."

"आणि माझं लीड्स?"

तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ती तशीच वळली.

दोन दिवसांनी विश्वास अण्णांसमोर उभा राहिला. "पत्रिका जुळत नाही," एवढंच बोलला आणि गेला. या वाक्याचा अर्थ कुणाला सांगावा लागतो? नकार! सभ्य, सुपारीएवढा, पण नकार.

अण्णा भडकले. "जा पोरी, खुशाल जा विलायतेला! याच्या नाकावर टिच्चून दुसरा शोधीन. आणि लेकाच्यानं पत्रिकाही परत दिली नाही!"

जायला मिळालं. तरी ट्रंक भरताना वसुधा हमसून हमसून रडली.

भोपाळ स्टेशनवर कडाक्याची थंडी. मुंबईची गाडी उभी होती, अण्णा हमालाशी हुज्जत घालत होते, आणि विश्वास... हातात लांब ओव्हरकोट घेऊन खिडकीशी आला.

"कशाला आलात? जुळत नाही ना?" ती फणकारली.

"जूनपर्यंत नाही जुळत," तो म्हणाला. "जुळते म्हणालो असतो, तर तुमचं सत्र बुडालं असतं. मी ते जगून आलोय, वसुधा. माझ्यापायी तुमचं गेलं असतं, तर तुम्हाला तोंड दाखवलं नसतं मी."

त्यानं शर्टाच्या खिशातून पत्रिका काढली. मळकी झाली होती, घडीवर फाटायला आली होती.

"माझं प्रेम आहे तुमच्यावर. पण ही परत हवी असेल तर... आत्ताच मागा."

वसुधानं काही मागितलं नाही. तिनं कोट ओढून घेतला आणि अंगावर चढवला. बाह्या बोटांच्या खाली लोंबत होत्या.

शिट्टी झाली. अण्णा धावत आले ते विश्वासला बघून थबकले, आणि त्याच्या हातातल्या कागदाकडे बघून गरजले, "अरे, ही तर आमचीच पत्रिका! आणा इकडे!"

गाडी हलली. खिडकीतून ती लांब बाही बाहेर आली आणि जोरजोरात हलायला लागली.

"अण्णा, ती परत घेऊ नका!" वसुधा ओरडली. "जूनमध्ये जुळणार आहे!"